जिगूचं रक्त

दिवाळी होऊन गेली तरी पाऊस गेला नव्हता. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या खालच्या अंगाला मोतीबाईची खाचरं होती, आणि त्यातलं भात सपाट झोपलं होतं. लोंब्या चिखलाला टेकल्या होत्या. मूठ उचलली की खालचा पेंढा काळपट, बुळबुळीत लागे आणि कुजक्या पाण्याचा वास बोटांना चिकटून राही. दाण्यांना पांढरे मोड फुटायला लागले होते. आणखी काही दिवस असेच गेले असते, तर कापायला काही उरलंच नसतं.

कापायला बायका तिघी. मोतीबाई, तिची सून प्राची आणि वरच्या ठाकरवाडीतून मजुरीला आलेली नवसी. मोतीबाईचा मुलगा अल्पेश उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये टेंपो चालवायचा. शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे कारखान्यातून धुलाईला न्यायचे आणि धुलाईतून दुकानात. त्याला रजा मिळत नव्हती. अल्पेश-प्राचीची मुलगी जिज्ञासा, घरात सगळे जिगू म्हणायचे, अकरा वर्षांची. कापलेल्या भाताची कडपं गोळा करायला तिचे हात सहज उपयोगी पडले असते. पण जिगूला पुन्हा बाजूला बसवलं होतं.

"परत बसली?" नवसीनं विळा न थांबवता विचारलं. "मागल्या हप्त्यात पन बसलेली ना?"

"नवी नवी हाय. आंग धरंपरत तसाच चालतं," मोतीबाई बोलली. "माजा पन तसाच व्हता."

"माजी पोर तर दोन दोन महिने इसरूनच जायची. तुमच्या पोरीचा उलटाच. नल उघडा ठेवल्यावानी."

"तुजी जीब पन तशीच हाय. भात काप."

नवसी हसली. प्राची हसली नाही. तिनं ओली मूठ झटकली, तसा चिखलाचा शिंतोडा ओठांवर उडाला. तिनं तो बाहीला पुसला आणि पुढची मूठ धरली.

होळीच्या सुमाराला जिगूच्या शाळेच्या गणवेशाला मागून डाग लागला होता. शिक्षिकेनं पोरीला घरी पाठवलं. प्राची तेव्हा अंबरनाथला माहेरी गेली होती; ती परत येईपर्यंत मोतीबाईनं सगळं ठरवून टाकलं होतं. भावकीतल्या बायका बोलावल्या, पोरीला हळद लावून न्हाऊ घातलं, हिरवी साडी गुंडाळून पाटावर बसवलं, ओटी भरली. कुणी बुंदीचे लाडू आणले, कुणी मोबाइलवर चित्रीकरण केलं. जिगू पाटावर पोट दाबून बसली होती. ओटी भरता भरता ती उठली आणि साडी सावरत मागच्या संडासाकडे पळाली. बायका टाळ्या पिटून हसल्या. "लाजली गो, लाजली!" अल्पेशची चुलतवहिनी सुषमा म्हणाली होती. ते पळणंही चित्रीकरणात आलं होतं.

मग नियम सांगितले. त्या दिवसांत पडवीत बसायचं, ताट-तांब्या आपला वेगळा, देवाकडे आणि खळ्याकडे पाऊल टाकायचं नाही. आणि आपलं कापड, आपला डाग दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडता कामा नये. आपण गुपचूप नेऊन पुरायचं. प्राचीनं पॅडचं पाकीट दिलं, चिकटवायचं कसं ते दाखवलं. तिच्या आईनं तिला तेवढंही दाखवलं नव्हतं, म्हणून आपण बरंच सांगितलं असं तिला वाटलं होतं.

तेव्हापासून पोर सुकत चालली. खांद्याची हाडं झग्यातून वर आली. ओठ, नखं, डोळ्यांच्या आतल्या कडा कागदासारख्या पांढऱ्या. बदलापूरच्या डॉक्टरनं आधी जंताचं औषध दिलं, मग लोहाच्या गोळ्या, मग "अंगावरून जास्त जातं" म्हणून ते थांबवायच्या गोळ्या. दर वेळी त्यानं प्राचीला विचारलं आणि प्राचीनं मोतीबाईनं सांगितलेलं सांगितलं. टेबलावर झोप, पोट दाखव, असं तो पोरीला एकदाही बोलला नाही. टेबलावर औषधांचे खोके रचून ठेवलेले असायचे.

पडवीला वास यायला लागला होता. आंबूस, लोखंडासारखा, खाली कुठेतरी विष्ठेचा. मोतीबाई सकाळ-संध्याकाळ धूप घालायची. जिगूची गोधडी कुणी उचलत नसे. प्राचीही ती काठीनं उचलून वळचणीला टाकायची. आपल्याच पोरीची आपल्याला किळस येते, हे तिला कळत होतं. पोर जवळ येऊन अंगाला टेकली, की ती श्वास आखडून घ्यायची आणि काहीतरी काम काढून उठायची.

त्या दिवशी दुपारी भाकरी आणायला प्राची एकटीच घराकडे आली. संडासाचं पत्र्याचं दार उघडं, आत कुणी नाही. पडवी रिकामी. गोठ्यामागून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला. ती तिकडे वळली.

जिगू गोठ्याच्या भिंतीला एक हात लावून उकिडवी बसली होती. संडासापर्यंत पोचणं झालं नव्हतं. मान खाली, पाठीचा एकेक मणका वेगळा दिसत होता. पोट आवळलं गेलं, की ती दातांवर दात दाबून 'हं' असा आवाज काढी, आणि खाली जरासंच काहीतरी पडे. कोंबड्या ते टिपायला धावत होत्या. एकीच्या चोचीला लाल चिकट तार लोंबत होती.

प्राचीनं पदर नाकाशी धरला आणि ती दोन पावलं मागं सरली. नेमकं तेव्हाच जिगूनं वर पाहिलं.

"मम्मी, तू नको बघू. मी पुरते."

"हे... असं कधीपासून?"

"असंच तर येतं." पोर घाबरली होती. "पाळी अशीच येते ना?"

कोंबडी परत आली. प्राचीनं तिला चप्पल फेकून मारली.

"मम्मी, तुम्हाला पण एवढं दुखतं?" जिगूनं विचारलं. कपाळावर घाम होता. "मग तू कापणी कशी करतेस? आजी कशी करते?"

प्राचीनं पदर सोडला. ती खाली बसली. कुडाची एक काडी मोडून घेतली आणि समोर पडलेलं हलवून पाहिलं. उमळून आलं. तिनं बाजूला थुंकलं आणि पुन्हा पाहिलं. मळ चिमूटभर. बाकी शेंबडासारखा चिकट पांढरा-पिवळा पदार्थ, आणि त्यात मिसळलेलं ताजं रक्त. वरून सांडलेलं नव्हे, मळातच कालवलेलं. पोरीच्या पॅडवर पुढच्या बाजूला काहीच नव्हतं. मागच्या टोकाला तेवढा ओला, पिवळसर लाल डाग होता.

कुणीही कधीही एकदा पाहिलं असतं, तर कळलं असतं. प्राचीला मोतीबाईची किळस आली, त्या डॉक्टरची आली, मग बुंदीच्या लाडवांची आली. स्वतःपाशी येऊन ती थांबली. तिनं मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

"फोटो कशाला काढतेस?" जिगू रडायला लागली. "कुणाला दाखवू नको ना."

"डॉक्टरला दाखवायचाय. ही पाळी नाही, जिगू."

"मग काय आहे?"

"मला माहीत नाही," प्राची म्हणाली. तिनं तांब्याभर पाणी आणलं आणि पोरीला स्वतःच्या हातानं धुतलं. धुताना तिच्या हाताला माकडहाडाचं टोक लागलं.

संध्याकाळी अल्पेश जेवायला बसल्यावर तिनं सांगितलं. त्यानं घास ताटात ठेवला.

"जेवताना? काय यार प्राची, टाइम तर बघ."

"तुम्ही घरी जेवायलाच येता. मग कधी सांगू?"

"मूलव्याद असंल," मोतीबाई चुलीपाशी बोलली. "गरम पडलं असंल काय. मूग उकडून दे. आनी गावान बोंबलू नको. सगल्या भावकीला जेवाया घातलंय आपून. आता काय सांगशील, पोर न्हालीच नवती? हागवन लागलेली?"

"होय. तेच सांगायचं."

"जल्लं तुजं तोंड! उद्या पोरीला मागनी येल तवा कंचा तोंड दाखवशील?"

"अकरा वर्षांची आहे ती, आई."

"माजा लगीन तेराव्याला झाला."

अल्पेशनं ताट सरकवलं. "ठीक आहे, सकाळी बदलापूरला सोडतो तुम्हाला. दाखव डॉक्टरला. पण मला तो फोटो नको दाखवू हां."

बदलापूरच्या डॉक्टरनंही फोटो पाहिला नाही. प्राचीनं मोबाइल पुढे केला, तसा त्यानं मान वळवली. टेबलावर अर्धा खाल्लेला वडापाव होता, आणि बोटांना लागलेली चटणी तो चिठ्ठीच्याच कागदाला पुसत होता.

"अहो ताई, हे काय मोबाइलमध्ये घेऊन फिरता? डिलीट करा ते. तोंडानं सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

"तोंडानं आठ महिने सांगतेय, सर."

"तुम्हीच पाळी म्हणालात." त्यानं घंटी वाजवली. "जुलाबाचं देतो. बाहेरचं खायला देऊ नका."

पोर बाहेर बाकावर बसली होती. शेजारची बाई नाकाला रुमाल लावून दुसऱ्या टोकाला सरकली होती. जिगूनं ते पाहिलं होतं, आणि आपण उठून उभं राहावं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

प्राचीनं चिठ्ठी घेतली नाही. टेंपोत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "तुमच्या शेठला विचारा. मुलांच्या पोटाचा डॉक्टर."

"शेठला काय सांगू मी?"

"पोरगी मरतेय म्हणून सांगा."

अल्पेशनं गाडी बाजूला घेतली. शेठशी बोलताना तो 'पेट का प्रॉब्लेम' याच्यापुढे गेला नाही. पण शेठनं लगेच नाव सांगितलं. त्याच्या नातीला तीच डॉक्टर बघायची.

कॅम्प चारमध्ये बटणं आणि चेन विकणाऱ्या एका दुकानावर डॉ. अस्मितांचा दवाखाना होता. खालून शिलाई मशिनांचा घरघराट येत होता. डॉक्टर चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. प्राचीनं फोटोचं सांगितलं आणि मोबाइल हातातच धरून ठेवला.

"आणलाय? द्या." डॉक्टरनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, प्रकाशाकडे धरून पाहिला. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. "चांगला घेतलाय," त्या म्हणाल्या.

प्राचीचे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांत तिच्याशी कुणी असं बोललं नव्हतं.

मग डॉक्टरनं प्राचीकडे पाठ केली आणि खुर्ची जिगूसमोर ओढली.

"झोपेतून उठून जावं लागतं?"

"हो."

"जोरात येतं, पण बसल्यावर थोडंच होतं?"

"थोडंच. परत उठलं की परत वाटतं."

"कुणाला सांगितलंस?"

जिगूनं आईकडे पाहिलं. "पाळीचं सांगायचं नसतं," ती म्हणाली.

डॉक्टरनं पोरीला पडद्यामागे नेऊन टेबलावर झोपवलं. पोट दाबलं, डोळे, नखं, तोंडाचा आतला भाग, मागची जागा, सगळं पाहिलं. वजन-उंची मोजली. हात धुऊन आल्यावर त्या प्राचीला म्हणाल्या, "हिला पाळी आलेली नाही. यायची खूणही अजून अंगावर नाही. छाती मुलासारखी सपाट आहे. आंघोळ कोण घालतं?"

"होळीपर्यंत मी घालायचे. मग... मोठी झाली म्हणून बंद केलं."

"हं," डॉक्टर म्हणाल्या. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर प्राचीला परवडलं असतं. "रक्त फार कमी झालंय. मुंबईला दाखल करा, आजच. दुर्बिणीतून आतडं बघावं लागेल. माझा अंदाज आहे, पण क्षयरोग नाही ना, जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी तपासलं पाहिजे."

मुंबईच्या हॉस्पिटलात पोरीला रक्त चढवलं. दुर्बिणीच्या आधी आतडं धुऊन काढायचं औषध प्यायला दिलं. जिगू ओकली, पुन्हा प्यायली, ओकारी गिळत प्यायली. मोठ्या माणसांसमोर घाण करायची नाही, एवढंच तिला ठाऊक होतं. नंतर एका तरुण डॉक्टरनं अल्पेश-प्राचीला पडद्यावर चित्र दाखवलं. आतड्याची आतली भिंत सोललेल्या गुडघ्यासारखी लाल, ठिकठिकाणी पांढरट पू, आणि यंत्राचं टोक लागेल तिथं रक्ताची नवी रेघ. अल्पेशनं खाली पाहिलं.

"याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात," तो डॉक्टर म्हणाला. "शरीरच आपल्या आतड्यावर उलटतं. कुणाच्या खाण्यानं, कुणाच्या स्पर्शानं होत नाही. कुणाला लागतही नाही."

"बरं कधी होईल?" प्राचीनं विचारलं.

"शांत होतं. परत डोकं काढतं. औषध बरीच वर्षं लागेल. औषधानं रक्त थांबलं नाही, तर मोठं आतडं काढायचं ऑपरेशन. सध्या तेवढंच बघायचं आहे, रक्त थांबतंय की नाही."

"लवकर आणली असती तर?"

"सगळं आतडं सुजलंय. आधी कदाचित शेवटचाच भाग असता." त्यानं पडद्यावरचं चित्र बंद केलं. "नक्की नाही सांगता येणार."

ते घरी परतले, तेव्हा वाचलेलं भात खळ्यावर आलं होतं. झोडणीला भावकीतल्या बायका आल्या होत्या. जिगूचा चेहरा औषधानं गोल झाला होता, हातपाय तेवढेच काड्यांसारखे. तिला भूक लागायची. ती सारखी खायला मागायची, आणि खाल्लं की प्राचीला वाटायचं, आता काय बाहेर पडेल? पोर शौचाला गेली, की प्राची पाणी ओतायच्या आधी जाऊन बघायची. ओकारी आता यायची नाही. पण हात धुतले तरी भाकरी थापताना तिला स्वतःच्या बोटांचा संशय यायचा. लाल आहे का? किती? शेंब आहे का? दिवसभर डोक्यात तेवढंच.

दुपारी जिगूनं खळ्यावरच्या बायकांना चहा आणून दिला. हॉस्पिटलातून आल्यापासून मोतीबाई पोरीला अडवत नव्हती आणि जवळही घेत नव्हती.

"कावील झालती पोरीला," ती सुषमाला सांगत होती. "आता बरी हाय."

"कावीळ नव्हती, वहिनी," प्राची भाताची पेंढी फळीवर आपटत म्हणाली. दाणे उडाले. "तिच्या मोठ्या आतड्याला जखमा आहेत. संडासावाटे रक्त जातं. होळीला पण तेच गेलं होतं. पाळी नव्हतीच ती."

फळीवरचे सगळे हात थांबले.

"म्हंजे आमी वटी भरली ती..." एकीनं तोंडाला पदर लावला, आणि पदराआड तिला हसू आलं.

सुषमाच्या हातात चहाचा कप होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, कप आणणाऱ्या पोरीकडे पाहिलं, आणि कप हळूच जमिनीवर ठेवला. "मना नको आता. पित्त होतं," ती म्हणाली. जिगू ट्रे छातीशी धरून उभी होती. तिनं तो भरलेला कप उचलला आणि आत नेला. बायका पुन्हा झोडायला लागल्या, जास्तच जोरात. मोतीबाईनं मात्र हातातली पेंढी खाली टाकली आणि ती सरळ घराकडे निघून गेली.

अंधार पडायच्या आत अल्पेश आला. बातमी त्याला वाटेतच कळली होती.

"कशाला बोललीस?" त्यानं अंगणातच विचारलं. "गू-मूत काय चारचौघांत काढायची गोष्ट आहे? मला त्या सुषमावहिनीच्या पोरानं फोन केला, हसत होता साला."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करणार? कट केला."

"म्हणजे तोंड फिरवलंत."

"हे बघ, तू आता डोकं..."

मागून पत्र्याचं दार वाजलं. "मम्मी, झालं," जिगूनं हाक मारली. तिनं पाणी ओतलं नव्हतं. ओतायचं नाही, हे तिला आता माहीत होतं. ती बाहेर येऊन दाराशी पाण्याचा मग घेऊन उभी राहिली.

प्राची जागची हलली नाही. "आज तुम्ही जा," ती म्हणाली.

"मी?"

"उद्या मी तापानं पडले तर कोण बघणार? आई बघणार? रक्त वाढलेलं कळलं नाही, तर पोरीचं आतडं काढतील. जा."

"पप्पा नको," जिगू म्हणाली. "मम्मी, तू ये ना."

अल्पेशनं चपला सरळ केल्या, विजेरी घेतली आणि तो मागं गेला. दारात पोचल्यावर त्याचा हात आपसूक नाकाशी गेला. मागून आलेल्या प्राचीला तेच नको होतं.

"नाक सोडा," ती म्हणाली. "ती बघतेय."

जिगू आत पाहत नव्हती. ती बापाच्या तोंडाकडे पाहत होती, आणि मगाचा कान तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. अल्पेशनं हात खाली घेतला. विजेरीचा झोत संडासाच्या भांड्यात टाकला आणि थोडा वेळ तो तसाच धरून उभा राहिला.

"लाल दिसत नाही," तो शेवटी म्हणाला. "चांगलंय ना हे? काय गं जिगू?"

"आहे थोडं," जिगू म्हणाली. "त्या कडेला."

"कुठं?" अल्पेश म्हणाला, आणि वाकला.